अण्वस्त्रतळांवर दिसलेले अनोळखी दिवे: न उलगडलेले की न नोंदलेले?

धुंडिराज

अमेरिकेच्या मोन्टाना राज्यात, ग्रेट फॉल्स शहराजवळ माल्मस्ट्रॉम हा हवाईदलाचा तळ आहे. शीतयुद्धाच्या काळात या तळाची मिनिटमन ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आसपासच्या विस्तीर्ण माळरानावर जमिनीखाली विखरून ठेवलेली होती. दहा क्षेपणास्त्रांचा एक गट आणि प्रत्येक गटासाठी एक भूमिगत नियंत्रण कक्ष, अशी ती रचना होती. १६ मार्च १९६७ रोजी सकाळी 'एको' गटाची दहाच्या दहा क्षेपणास्त्रे अगदी थोड्या वेळात एकामागोमाग निकामी झाली, म्हणजे आज्ञा मिळाली असती तरी ती उडू शकली नसती. ही घटना हवाईदलाने स्वतः नोंदवलेली आहे आणि तिच्याबद्दल कोणताही वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या भागाबद्दल. रॉबर्ट सालास हे त्या वेळी याच तळावर कनिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या म्हणण्यानुसार त्याच महिन्यात एका रात्री ते 'ऑस्कर' गटाच्या कक्षात कामावर असताना वरच्या पहारेकऱ्याने फोन करून सांगितले, की फाटकावर एक लालसर चमकणारी वस्तू तरंगत आहे, आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांचीही क्षेपणास्त्रे बंद पडली. सप्टेंबर २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्यांनी आणि इतर काही निवृत्त अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन हे जाहीरपणे सांगितले.

माझे मत असे आहे, की अशा प्रकरणांत 'परग्रहावरून कोणी आले होते का' हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्या रात्री नेमके काय नोंदवले गेले, कोणी नोंदवले आणि ती नोंद पुढे कुठे गेली, हे प्रश्न मात्र मागे राहतात. जगातील सर्वांत कडक पहाऱ्याच्या जागी काय दिसले हे जर पन्नास वर्षांनी आठवणींवरून ठरवावे लागत असेल, तर मला ते त्या दिव्याहून अधिक चिंताजनक वाटते. सदस्यांनी आपले मत आणि असल्यास अनुभव जरूर लिहावेत.

मेघश्याम

धागा आवडला, परंतु मांडणी थोडी एकांगी वाटली. अशा घटना अण्वस्त्रांच्याच आसपास इतक्या का घडतात, याचे उत्तर नोंदींच्या त्रुटीत सापडत नाही. डिसेंबर १९४८ पासून न्यू मेक्सिकोमध्ये हिरव्या रंगाचे अग्निगोल दिसू लागले, ते लॉस अलामोस आणि सँडिया या अण्वस्त्र-संशोधनाच्या प्रदेशात. उल्कांचे तज्ज्ञ लिंकन लापाझ यांनी स्वतः त्यांचा अभ्यास केला आणि या नेहमीच्या उल्का नाहीत असे मत दिले. फेब्रुवारी १९४९ मध्ये लॉस अलामोसला या विषयावर बैठक झाली आणि तिला एडवर्ड टेलर यांच्यासारखे शास्त्रज्ञ उपस्थित होते. ही माणसे अफवांवर विश्वास ठेवणारी नव्हती.

आकडेमोड

मेघश्याम यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे एक साधे उत्तर आधी तपासून पाहिले पाहिजे. दिवे तिथेच जास्त दिसतात की तिथे पाहणारे जास्त असतात? ज्या माळावर रात्री कोणीच जागे नसते, तिथे दिवा दिसला तरी त्याची नोंद करणार कोण? क्षेपणास्त्रतळावर मात्र रात्रभर पहारा असतो, पहारेकऱ्याला संशयास्पद काहीही दिसले तरी कळवण्याचा आदेश असतो आणि वर रडारही असते.

हे केवळ माझे अनुमान नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने जून २०२१ मध्ये अशा अनोळखी उडत्या वस्तूंबद्दल जो प्राथमिक अहवाल दिला, त्यात २००४ ते २०२१ या काळातील १४४ नोंदी होत्या. लष्करी सराव आणि चाचणीच्या प्रदेशांत या नोंदी एकवटलेल्या दिसतात, हे अहवालाने मान्य केले आणि लगेच पुढे म्हटले, की तिथे अधिक उपकरणे आणि अधिक लक्ष असल्यामुळेही असे होत असावे. त्या १४४ पैकी खात्रीने उलगडा झाला तो एकाच नोंदीचा, आणि तो हवा जात असलेला मोठा फुगा निघाला. उरलेल्या बहुतेक नोंदींबाबत अडचण एकच होती, ती म्हणजे निष्कर्ष काढण्यापुरती माहिती हाताशी नव्हती.

रेवती_कु

आकडेमोड, आपला मुद्दा पटतो, पण तो दिव्यांना लागू पडतो. दहा क्षेपणास्त्रे बंद पडणे हे काही पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून नाही.

धुंडिराज

रेवतीताई, म्हणूनच मी एको आणि ऑस्कर वेगळे ठेवले. एकोची चौकशी झाली आणि तिची कागदपत्रे आता उपलब्ध आहेत. बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेत चाचण्या केल्या तेव्हा नियंत्रण यंत्रणेतील लॉजिक कपलर नावाच्या भागाला विजेचा छोटासा झटका दिला असता तसाच बिघाड निर्माण करता आला. तो झटका त्या सकाळी कुठून आला हे मात्र निश्चित झाले नाही, पण पुढे अशा झटक्यांपासून यंत्रणेचे संरक्षण करणारे बदल करण्यात आले. तळाच्या अधिकृत इतिहासात असेही वाक्य आहे, की एको गटाच्या परिसरात अनोळखी वस्तू दिसल्याच्या अफवा होत्या आणि त्या खोट्या ठरल्या. म्हणजे अफवा त्याच काळात उठल्या होत्या, नंतर कोणी रचलेल्या नाहीत. हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऑस्करची गोष्ट निराळी आहे. त्या गटाची क्षेपणास्त्रे बंद पडल्याचा तसा कागद समोर आलेला नाही. शिवाय सालास यांनी ती वस्तू स्वतः पाहिलेली नाही, कारण ते जमिनीखाली होते. त्यांनी ऐकला तो फोनवरचा पहारेकऱ्याचा घाबरलेला आवाज. आपण एको गटात होतो असे ते सुरुवातीला समजत होते, नंतर 'नोव्हेंबर' नावाच्या गटात आणि शेवटी ऑस्कर गटात. मी त्यांना खोटे ठरवत नाही. तीस वर्षांनी आठवणाऱ्या माणसाचे असे होतेच. परंतु त्या रात्रीची नोंदवही समोर असती, तर ही वेळ त्यांच्यावर आली नसती.

सुभेदार_सातारा

मी सैन्यात होतो आणि उत्तरेकडच्या सीमेवर पहारा केलेला आहे. जागेचे नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

रात्री उंचावरच्या ठाण्यावर उभे राहिलेल्या माणसाची अवस्था घरात बसून समजणे कठीण आहे. थंडीने डोळ्यांतून पाणी येत असते. समोर डोंगराची काळी कड आणि त्यावर एकच दिवा. त्या दिव्याकडे तुम्ही टक लावून पाहिलेत, की तो हलू लागतो. आधी डावीकडे सरकतो, मग जरा वर जातो, मग थांबतो. एका हवालदारांनी मला शिकवले होते, की बंदुकीची नळी किंवा तंबूची काठी दिव्याच्या रेषेत धरायची आणि डोके न हलवता पाहायचे. काठीच्या कडेपासून दिवा सुटला तर तो खरोखर हलतो आहे, नाहीतर तुमची नजर हलते आहे. मी असे अनेकदा करून पाहिले आहे आणि बहुतेक वेळा दिवा काठीला चिकटूनच राहिला.

पण बहुतेक वेळा म्हणजे प्रत्येक वेळी नव्हे. एकदा तो सुटला. मी वर कळवले आणि नोंद झाली. पुढे काय झाले ते मला कधी समजले नाही, आणि समजावे अशी अपेक्षाही नव्हती. एवढेच सांगतो, की पहारेकऱ्याने कळवले म्हणून त्याला हसू नये. ज्या तुकडीत एकदा कोणाला हसले जाते, तिथे पुढच्या वेळी कोणी कळवत नाही, आणि पुढच्या वेळी येणारा खरा शत्रू असू शकतो.

शुक्रतारा

सुभेदारसाहेब, आपला प्रतिसाद वाचून लडाखची घटना आठवली. आपल्या देशातील या विषयावरचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण मी तेच मानते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१२ च्या उन्हाळ्यानंतर पँगाँग सरोवराच्या परिसरात भारत-तिबेट सीमा पोलीस आणि लष्कराच्या ठाण्यांवरून पिवळसर, तेजस्वी गोल दिसल्याच्या नोंदी येऊ लागल्या. हे गोल पलीकडच्या, म्हणजे चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येत, तीन ते पाच तास आकाशात सावकाश सरकत आणि मग नाहीसे होत. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात अशा ३२९ नोंदी झाल्या आणि त्यांतील १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आल्याचे नोंदवले गेले. चिनी ड्रोन टेहळणी करत आहेत, असा संशय येणे अगदी स्वाभाविक होते. तिथे रडार नेले, रेडिओलहरी तपासणारे उपकरण नेले. दोन्हींत काहीच उमटले नाही.

शेवटी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारण्यात आले. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच हानले येथे, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. शास्त्रज्ञांनी वस्तूंच्या उगवण्याच्या वेळा आणि दिशा यांची मोजमापे मागवून ती ग्रहांच्या स्थितीशी ताडून पाहिली. तारा किंवा दूरचा ग्रह दररोज साधारण चार मिनिटे आधी उगवतो. एखादी वस्तू जर या हिशेबाने रोज थोडी आधी येत असेल, तर ती पृथ्वीवरची नाही. निष्कर्ष निघाला, की ते गुरू आणि शुक्र होते. त्या वर्षी शुक्र पहाटे पूर्वेला अतिशय तेजस्वी होता, आणि गुरू ३ डिसेंबरला सूर्याच्या बरोबर समोर आल्यामुळे हिवाळ्याच्या आरंभी संध्याकाळीच पूर्वेला उगवत होता. सरोवराचा पूर्वेकडचा भाग चीनच्या ताब्यात आहे. त्यामुळे पूर्वेला उगवणारी प्रत्येक गोष्ट आपल्या जवानांच्या दृष्टीने चीनमधून येत होती. तिथली हवा इतकी विरळ आणि स्वच्छ असते, की मैदानी भागातून आलेल्या माणसाने एवढा प्रखर ग्रह जन्मात पाहिलेला नसतो.

या बातमीवर तेव्हा देशात आणि बाहेर पुष्कळ चेष्टा झाली, आणि मला ती आजही खटकते. त्या जवानांनी दिशा, वेळ आणि कालावधी प्रत्येक वेळी लिहून ठेवला होता. त्या नोंदी नसत्या तर शास्त्रज्ञांना काहीच ताडून पाहता आले नसते आणि हे प्रकरणही माल्मस्ट्रॉमसारखे आठवणींच्या भरवशावर राहिले असते.

आकडेमोड

+१. या धाग्याच्या शीर्षकाला याहून नेमके उत्तर मिळणार नाही.

मेघश्याम

लडाखचा उलगडा मला मान्य आहे. पण शुक्र आणि गुरू माल्मस्ट्रॉमच्या फाटकावर तरंगत नाहीत, किंवा रेंडलशॅमच्या जंगलातही उतरत नाहीत. एका प्रकरणाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवू नये, एवढीच विनंती.

उत्तरायण

मेघश्याम यांनी रेंडलशॅमचे नाव काढले म्हणून लिहितो. मी इंग्लंडच्या पूर्व भागात राहतो आणि ते जंगल पायी फिरून पाहिलेले आहे. डिसेंबर १९८० मध्ये तिथे वुडब्रिज आणि बेंटवॉटर्स हे दोन तळ अमेरिकी हवाईदलाकडे होते. २६ तारखेला पहाटे तीनच्या सुमारास वुडब्रिजच्या पूर्वेकडच्या फाटकावरील पहारेकऱ्यांना जंगलात दिवे दिसले आणि एखादे विमान कोसळले असावे अशा समजुतीने ते आत गेले. त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडवरून एक ठळक उल्का गेली होती. दोन रात्रींनंतर तळाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हाल्ट स्वतः किरणोत्सार मोजण्याचे यंत्र आणि ध्वनिमुद्रक घेऊन जंगलात गेले.

ते ध्वनिमुद्रण आज कोणालाही ऐकता येते. त्यात एक क्षण असा आहे, की दिवा पुन्हा दिसल्याचे ओरडून सांगितले जाते, आणि त्या ओरडण्यांमधील अंतर घड्याळ लावून मोजले तर ते पाच सेकंदांच्या जवळपास भरते. त्याच दिशेला, समुद्रकिनाऱ्यावर, ऑर्फर्डनेसचे दीपगृह होते आणि त्याचा झोत दर पाच सेकंदांनी येत असे. तो दिवा दीपगृहाचा असावा ही शक्यता पत्रकार इयन रिडपाथ यांनी १९८३ मध्येच मांडली होती. हाल्ट यांना ती आजही मान्य नाही. दीपगृह आपल्याला वेगळे दिसत होते, असे ते म्हणतात.

आता धुंडिराज यांच्या मूळ मुद्द्याकडे येतो. हाल्ट यांनी 'न उलगडलेले दिवे' या विषयाचे पत्र ब्रिटिश संरक्षण खात्याला लिहिले ते १३ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक काळ उलटल्यावर. त्यात पहिल्या घटनेची तारीख २७ डिसेंबर दिली आहे. स्थानिक पोलिसांच्या नोंदवहीत मात्र तळावरून आलेला फोन २६ तारखेचा आहे. त्यामुळे रडारच्या नोंदी तपासायला सांगितल्या गेल्या तेव्हा तारखाच चुकीच्या होत्या. अण्वस्त्रे ठेवल्याची बोलवा ज्या तळाबद्दल होती, त्याच्या फाटकाबाहेर काहीतरी उतरल्याचा दावा होतो आणि तो दावा कागदावर यायला दोन आठवडे लागतात, तेही चुकीच्या तारखेसह! ते दीपगृह आता पाडले गेले आहे, त्यामुळे त्याच जागी उभे राहून पडताळून पाहण्याची सोयही उरली नाही.

रेवती_कु

उत्तरायण, किरणोत्सार वाढलेला आढळला होता असे वाचले आहे. त्याचे काय?

उत्तरायण

हाल्ट यांच्या पत्रात जास्तीत जास्त ०.१ मिलिराँटजेन हा आकडा आहे. त्यांच्याकडचे यंत्र स्फोटानंतरचा मोठा किरणोत्सार मोजण्यासाठी बनवलेले होते आणि हा आकडा त्याच्या सर्वांत खालच्या पट्टीच्या तळाशी येतो. तिथे काटा जरासा थरथरला तरी तेवढे वाचन दिसू शकते. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही, असे माझे मत आहे.

अण्णा_भद्रावती

आमच्या भागातील एक अनुभव लिहितो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास आकाशात जळते तुकडे एका ओळीत, एकमेकांच्या मागे, सावकाश जाताना दिसले. आमच्या गावाला लागून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. त्यामुळे गल्लीत पहिला प्रश्न आला तो हल्ल्याचा, मग कारखान्यात काही झाले का याचा. कारखान्यात नोकरीला असलेल्यांच्या घरचे फोन लगेच वाजू लागले. मी स्वतः तेव्हा अंगणात उभा होतो आणि ते दृश्य अगदी डोक्यावरून जात असल्यासारखे वाटले, प्रत्यक्षात ते कितीतरी उंचावर असणार.

रात्रीच बातमी आली, की सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात एक मोठी धातूची कडी पडली आहे. नंतर गोळ्याच्या आकाराच्या टाक्याही सापडल्या. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडवलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो शिल्लक भाग होता, असे उपग्रहांचा मागोवा ठेवणाऱ्या जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले. ती कडी सापडली नसती तर आमच्याकडे आजही दहा जणांनी दहा गोष्टी सांगितल्या असत्या, आणि त्यांतील निदान एक तरी कारखान्याशी जोडलेली असती.

आकडेमोड

अण्णा, आपल्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. संवेदनशील जागा जवळ असली, की लोक कारण शोधताना आधी तिच्याकडे पाहतात. त्याच रात्री तेच दृश्य शेकडो किलोमीटर अंतरावरच्या गावांतूनही दिसले होते, पण तिथल्या लोकांना दारूगोळ्याचा कारखाना आठवण्याचे काही कारण नव्हते.

मेघश्याम

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट मात्र अजून कोणी विचारात घेतलेली नाही. २९ आणि ३० सप्टेंबर २०१९ च्या रात्री अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पालो व्हेर्दे अणुवीज केंद्रावर पाच-सहा ड्रोन फिरत होते. पहारेकऱ्यांनी ते स्पष्ट पाहिले आणि वेळच्या वेळी कळवले. ते कोणाचे होते, हे तरीही सापडले नाही. २०१४ च्या शरद ऋतूत फ्रान्समधील अनेक अणुवीज केंद्रांवरून ड्रोन उडाले, त्यांचाही उलगडा झाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हर्जिनियातील लँगली तळावर सतरा रात्री हेच चालले होते. इथे ग्रह नाही, दीपगृह नाही आणि नोंदींचीही वानवा नाही. मग 'न नोंदलेले' हे उत्तर पुरेसे कसे?

शुक्रतारा

हा प्रश्न या धाग्यातील सर्वांत कठीण प्रश्न आहे, असे मला वाटते. माझ्या समजुतीप्रमाणे ही प्रकरणे निराळ्या जातीची आहेत. वस्तू काय होती हे बहुतांशी ठाऊक आहे, ती कोणी पाठवली ते ठाऊक नाही. हे काम खगोलशास्त्रज्ञाचे नाही, पोलिसांचे आणि गुप्तवार्ता विभागाचे आहे.

सुभेदार_सातारा

मेघश्याम, आपण बरोबर ठिकाणी बोट ठेवलेत. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाईदल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली. आपल्या देशातील तो अशा प्रकारचा पहिला हल्ला होता. त्या दिवसापासून आकाशातील लहानसा दिवा हा मनोरंजनाचा विषय राहिलेला नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसल्याने उड्डाणे काही तास थांबवावी लागली, हवाईदलाने शोधासाठी राफेल विमाने पाठवली आणि हाती काही लागले नाही. ती वस्तू कदाचित फुगा असेल, कदाचित नसेल. पण विमाने पाठवली गेली हे मला योग्य वाटले.

रेवती_कु

माल्मस्ट्रॉमबद्दल एक भर घालते. जून २०२५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने अशी बातमी दिली, की अशा अनोळखी वस्तूंची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या कार्यालयाला सालास यांच्या प्रकरणाचे वेगळेच कारण आढळले. अणुस्फोटानंतर निर्माण होणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींचा क्षेपणास्त्रांवर काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी हवाईदलानेच उंच फलाटावर एक यंत्र बसवले होते, ते प्रखर नारिंगी प्रकाशाने उजळत असे, आणि पहारेकऱ्यांना तसेच क्षेपणास्त्र अधिकाऱ्यांना त्याची कल्पना देण्यात आली नव्हती, असे त्या बातमीत म्हटले आहे. सालास यांना हे मान्य नाही.

मेघश्याम

ही बातमी मीही वाचली होती. ती खरी असेल, तर त्या यंत्राच्या चाचण्यांच्या तारखा जाहीर करायला आता काय हरकत आहे? तारीख जुळली तर प्रकरण मिटेल.

धुंडिराज

मेघश्याम, इथे आपले दोघांचे एकमत झाले. ती बातमी खरी असेल तर सालास यांच्या पहारेकऱ्याने जे पाहिले ते खरोखर तिथे होते, आणि ज्यांना ते काय आहे हे ठाऊक होते त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ त्याला सांगितले नाही. बातमी चुकीची असेल, तर ऑस्करची नोंद शोधण्याचे काम अजून बाकी आहे. दोन्ही बाबतींत कागद एकाच खात्याकडे आहेत. मार्च २०२४ च्या ऐतिहासिक आढाव्यात याच चौकशी कार्यालयाने परग्रहावरील तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा नसल्याचे सांगितले, ते मी मानतो. पण पुरावा नाही असे म्हणणाऱ्याने आपल्याकडे जे आहे ते तारखेसह दाखवले पाहिजे, आणि ऑस्करच्या बाबतीत ते झालेले नाही.

शुक्रतारा यांना एक विचारायचे होते. आपल्यासारख्या सामान्य माणसाला अशी वस्तू दिसली, तर नेमके काय लिहून ठेवावे?

शुक्रतारा

सर्वांत आधी घड्याळातील वेळ, कारण ती पाच मिनिटांनी विसरते. मग दिशा, आणि त्या दिशेला असलेली एखादी न हलणारी खूण, म्हणजे पाण्याची टाकी, मनोरा किंवा झाडाचा शेंडा. उंचीसाठी हात लांब करून मूठ क्षितिजावर धरावी. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. वस्तू किती वेळ दिसली आणि तिचा आवाज आला का, हेही लिहावे. रंगापेक्षा या गोष्टी अधिक उपयोगी पडतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा उभे राहावे. तीच वस्तू त्याच खुणेपाशी असेल तर बहुधा तारा किंवा ग्रह असतो. जागा लष्करी किंवा अणुवीज केंद्राजवळची असेल, तर चित्रफीत सर्वत्र पसरवण्याआधी पोलिसांना ११२ वर कळवावे.

सुभेदार_सातारा

आणि काठी धरून पाहावे.

अण्णा_भद्रावती

सुभेदारसाहेब, काल रात्री गच्चीवर तुमची काठीची युक्ती करून पाहिली. पश्चिमेकडचा दिवा हलतो आहे असे मुलगा ठामपणे सांगत होता. काठी धरल्यावर तो जागचा हलला नाही. आज पुन्हा त्याच वेळी पाहणार आहोत, वेळ आणि दिशा लिहून ठेवली आहे.